टोपली भरण्यासाठी भाकर मोडू नये

सुट्टीत आपण मुलांना ‘टाकाऊतून टिकाऊ’ करायला बसवतो. पण बाटली हवी म्हणून नवे शीतपेय विकत आणले, तर मूल काय शिकेल?

प्रभू येशूने पाच हजारांना जेवू घातले, मगच उरलेले तुकडे गोळा करायला सांगितले; बारा टोपल्या भरल्या (योहान ६). टोपल्या भराव्यात म्हणून कोणी भाकर मोडली नव्हती. पोप फ्रान्सिस यांनीही २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात फेकून देण्याच्या वृत्तीबरोबर अतिवापरावरही बोट ठेवले.

साताऱ्याची कृष्णाच पुढे सांगलीला जाते. वरच्यांचा कचरा खालच्यांच्या घाटाला लागतो. म्हणून मुलांना घरात खरोखर उरलेली वस्तू आणि गळून पडलेले पान देऊ या. कासचे फूल त्यांनी तोडून नव्हे, पाहून चितारावे. सृष्टी देवाची आहे. आपण तिचे राखणदार आहोत.