निमित्ताविना सुट्टी

छत्रपती संभाजीनगरहून समुद्र लांब आहे. इथल्या नवरा-बायकोला दोन दिवस लाटा बघत बसावंसं वाटलं, तर रजा, गाडी, मुलांची सोय हे सगळं जुळवावं लागतंच; शिवाय घरच्यांना सांगायला काहीतरी कारणही लागतं. गणपतीपुळे म्हणूनच फार सोयीचं. समोर समुद्र, किनाऱ्याला लागून स्वयंभू गणपतीचं देऊळ, ज्याची प्रदक्षिणा अख्ख्या डोंगराला घालायची असते, आणि शेजारीच पर्यटन महामंडळाचं रिसॉर्ट. ‘देवदर्शनाला गेलो होतो’ म्हटलं की पुढचे प्रश्न थांबतात. ज्यांना देवाचं निमित्त नको असतं, ते कामाचं देतात: चार दिवस विसावा घेतला की परत आल्यावर हुरूप येतो. दोन्ही निमित्तांच्या बुडाशी समजूत एकच आहे. दोन माणसांनी काहीही न साधता एकमेकांच्या सोबतीत दिवस घालवणं ही चूक आहे आणि तिची भरपाई पुण्याने तरी व्हायला हवी, नाहीतर उत्पादनाने तरी. ही समजूत धर्माच्या नावावर खपते, पण आपल्या धर्मविचाराला ती मान्य नाही, असं माझं म्हणणं आहे. त्याचा सगळ्यात ठसठशीत पुरावा शहरापासून तीस किलोमीटरवर, वेरुळात आहे.

वेरुळच्या १४, २१ आणि २९ क्रमांकाच्या लेण्यांत शंकर-पार्वती सारीपाट खेळताना कोरले आहेत. दोघं समोरासमोर बसलेली आहेत, आजूबाजूला सेवकांची गर्दी आहे आणि खाली नंदीभोवती गणांनी दंगा मांडला आहे. या शिल्पात कुणाला वर मिळत नाही, कुणाचा वध होत नाही, कुणाला उपदेशही केला जात नाही. नुसता डाव चालू आहे. १४ व्या लेण्यात, म्हणजे लोक ज्याला ‘रावण की खाई’ म्हणतात तिथे, हा डाव ज्या भिंतीवर आहे त्याच भिंतीवर महिषासुराला मारणारी दुर्गा आहे, तांडव करणारा शिव आहे आणि कैलास उचलणारा रावणही आहे. युद्ध, नृत्य आणि खेळ यांना शिल्पकारांनी एकाच रांगेत बसवलं. कठीण बेसॉल्टवर महिनोन्‌महिने छिन्नी चालवणारे कारागीर आणि त्यांना पोसणारे आश्रयदाते बिनमहत्त्वाच्या गोष्टीला देवळाची भिंत देत नाहीत. शिवाय तीन वेगवेगळ्या लेण्यांत तोच विषय यावा, हा योगायोग नव्हे. त्या काळाच्या श्रद्धेला देवाचं दांपत्य फुरसतीत बघायचं होतं आणि तसं बघणं हेच दर्शन होतं.

रावणाची कथा याच भिंतीवर यावी, हे मला फार अर्थपूर्ण वाटतं. रामायणाच्या उत्तरकांडात कुबेराला हरवून पुष्पक विमानातून निघालेला रावण एका पर्वतापाशी अडतो. विमान पुढे सरकेना. तेव्हा नंदी त्याला सांगतो की परत फिर, या पर्वतावर शंकर क्रीडेत आहेत, इथून कुणालाही जायची मुभा नाही. अडवण्याचं कारण तेवढंच. तपश्चर्या चालू आहे असं नंदी म्हणत नाही, यज्ञ चालू आहे असंही नाही. पण नुकताच मोठा विजय मिळवून घाईत निघालेल्या पराक्रमी माणसाला दुसऱ्याची फुरसत हा स्वतःचा अपमान वाटतो आणि तो डोंगरच उपटायला घेतो. कैलास मंदिरातलं, म्हणजे १६ व्या लेण्यातलं या प्रसंगाचं शिल्प प्रसिद्ध आहे. पार्वती दचकून शंकराला बिलगली आहे, दासी पळते आहे आणि शंकर बसल्या जागी पायाने पर्वत खाली दाबतो आहे. त्याला उठावंसुद्धा लागत नाही. या कथेत अपराधी कोण आहे, हे सांगायला नको.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे. देवाला शोभतं ते माणसाला शोभत नाही. तो पूर्ण आहे, आपल्यामागे कर्तव्यं आहेत. हा आक्षेप मी गांभीर्याने घेतो, पण याचं उत्तर वेदान्तातच दिलेलं आहे. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात शंका उपस्थित होते की ज्याला काहीच मिळवायचं उरलं नाही, तो ईश्वर जग कशासाठी निर्माण करील? सूत्रकार बादरायणांचं उत्तर असं की ही केवळ लीला, जशी लोकांत दिसते तशी. या सूत्रावर भाष्य करताना शंकराचार्य दाखला देतात तो सर्व इच्छा पुरल्यावर, काही हेतू न ठेवता विहाराला गेलेल्या राजाचा किंवा त्याच्या अमात्याचा. दुसरा दाखला श्वासोच्छ्वासाचा: तोही कुठल्या हेतूने चालत नाही. युक्तिवादाची दिशा इथे बघण्यासारखी आहे. माणसाचा निर्हेतुक विहार ही सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट धरली आहे आणि तिच्या आधाराने ईश्वराचं सृष्टिकार्य समजावलं आहे. संन्यासाचा पुरस्कार करणाऱ्या आचार्यांना जगाच्या निर्मितीला सगळ्यात जवळचं उदाहरण म्हणून सहलीला गेलेला माणूस सापडला. असा विहार मुळात हीन असता, तर त्याची उपमा ब्रह्माला दिलीच गेली नसती.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे, कारण तो गीतेचा आहे. तिसऱ्या अध्यायात श्रीकृष्ण म्हणतात की तिन्ही लोकांत मला मिळवण्यासारखं काही नाही, तरी मी कर्म करतोच. मी थांबलो तर लोकही थांबतील. मग फुरसतीला जागा कुठे? पण श्रीकृष्णांचा रोख कर्तव्य टाकून पळणाऱ्यावर आहे. सहाव्या अध्यायात योग कुणाला साधतो हे सांगताना आहार, विहार, कर्म, झोप आणि जाग या सगळ्यांचं प्रमाण ते मागतात. तिथे विहार कर्माच्या जोडीला येतो. कर्म उरकल्यावरचं बक्षीस म्हणून येत नाही. गीतेबाहेर पाहिलं तरी हेच दिसतं. बौद्ध भिक्षूंचं जग तर घर सोडलेल्यांचं. तरी अजिंठ्याच्या १७ व्या लेण्याच्या दारावर आठ बुद्ध रंगवले आहेत आणि त्यांच्या खाली प्रेमी युगुलांचे चौकोन आहेत. रोज त्या दारातून आत जाणाऱ्या भिक्षूंनी ते पुसून टाकले नाहीत. त्यांनी स्वतःसाठी वेगळी वाट निवडली होती, पण जोडप्याच्या सुखाला दारावर जागा नाकारली नाही.

तिसरा आक्षेप मला खरोखर अस्वस्थ करतो. देवांच्या डावाभोवती सेवक उभे आहेत. शंकराचार्यांच्या दाखल्यातला माणूस राजा आहे. म्हणजे ही फुरसत दुसऱ्याच्या श्रमावर उभी आहे का? घरातही तेच. सहलीला जाताना डबे भरणारी, औषधं आठवणीने घेणारी, रिसॉर्टवरही मुलांचे ओले कपडे वाळत घालणारी बहुधा एकच असते. याच जिल्ह्यातल्या आपेगावच्या ज्ञानेश्वरांनी अमृतानुभवाच्या पहिल्याच प्रकरणात शिव-शक्तीचा संसार रंगवताना म्हटलं आहे की घरात दोघंच, आणि स्वामी निजला की दोघांचंही काम स्वामिनी जागी राहून करते. तिथे तो अद्वैताचा सिद्धांत आहे. माणसांच्या घरात तो जसाच्या तसा उतरवला की अन्याय होतो. सारीपाटाचं शिल्प याबाबतीत जास्त न्यायी आहे. डाव एकट्याचा होत नाही आणि पार्वती तिथे वाढायला उभी नाही, खेळायला बसली आहे. पुराणकथांत तर जिंकतेही तीच.

या आक्षेपाने माझं म्हणणं पडत नाही, ते आणखी पुढे जातं. फुरसत हा पूर्णतेचा भाग असेल, तर ती काहींनाच मिळणं हा धर्माचाच प्रश्न होतो. नारायण मेघाजी लोखंडे यांनी हे ओळखलं होतं. मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी रविवारची सुट्टी मागताना त्यांनी रविवार हा खंडोबाचा वार असल्याचं पुढे केलं. १० जून १८९० पासून ती सुट्टी मिळाली. त्यांनाही देवाचं निमित्त लागलं, हे खरं; पण ते मालकाच्या तोंडावर टाकण्यासाठी होतं, स्वतःच्या मनातल्या अपराधीपणासाठी नव्हतं.

मराठवाड्यात आज याहून जवळचं उदाहरण आहे. दसरा-दिवाळीनंतर इथली हजारो जोडपी ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. मुकादमाच्या हिशेबात नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’. उचल जोडीने, कष्ट जोडीने. आजारपणात किंवा पाळीच्या दिवसांतही काम चुकलं, तर ‘खाडा’ म्हणून पैसे कापले जातात. कष्टाच्या हिशेबात ज्यांना आपण जोडी म्हणून मोजतो, त्यांना जोडीने विसावा घ्यायला वर्षातला एक दिवसही मोजून देत नाही. समुद्रावर जाणाऱ्यांनी निमित्त न शोधता खुशाल जावं, एकमेकांसमोर निवांत बसावं आणि कामं दोघांनी वाटून घ्यावीत. पण पुढचा हंगाम सुरू होण्याआधी साखर कारखान्यांनी आणि सरकारने तोडणीच्या करारात आठवड्याची एक भरपगारी सुट्टी लिहावी, दोघांना एकाच दिवशी. आणि खाडा बंद करावा.