कामाच्या वाटेचा नकाशा

कोणत्याही उद्योगात कामाचा आरंभ कोठे होतो आणि समाप्ती कोठे होते, हा प्रश्न वरकरणी बालिश वाटतो. परंतु कार्यक्षमतेच्या विचाराचा इतिहास म्हणजे पुष्कळ अंशी या एकाच प्रश्नाची बदलत गेलेली उत्तरे होत.

1776 साली ॲडम स्मिथने टाचण्यांच्या कारखान्याचे वर्णन केले, तेव्हा एका टाचणीचे काम सुमारे 18 क्रियांत वाटून घेतल्यास 10 इसम दिवसाकाठी 48,000 टाचण्या करू शकतात, हे त्याने दाखविले. श्रमविभागाने वेग आला खरा. परंतु दोन क्रियांच्या दरम्यान, जेथे माल नुसता पडून राहतो, अशी एक बेवारस जागाही निर्माण झाली.

तिला कागदावर स्थान दिले ते फ्रँक व लिलियन गिलब्रेथ या दांपत्याने. 1921 साली अमेरिकेतील यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेपुढे त्यांनी प्रक्रियेचा जो तक्ता मांडला, त्यात क्रियेप्रमाणेच ने-आण, तपासणी आणि साठवण यांनाही स्वतंत्र चिन्हे होती. त्यामुळे प्रत्यक्ष कामापेक्षा त्याभोवतीचा खोळंबाच किती मोठा, हे उघड होऊ लागले. दृष्टी मात्र अद्याप कारखान्याच्या आवारापुरतीच होती.

हे आवार ओलांडले 1950 साली, जपानमध्ये. तेथील उद्योगपतींपुढे एडवर्ड्स डेमिंग यांनी एक साधी आकृती काढली: डावीकडे पुरवठादार, मध्ये उत्पादन, उजवीकडे ग्राहक, आणि ग्राहकाकडून आराखड्याकडे परत वळणारी रेषा. पुढे गुणवत्तेच्या शास्त्रात पुरवठादार, सामग्री, प्रक्रिया, निष्पत्ती आणि ग्राहक अशा पाच रकान्यांचा, ‘सायपॉक’ या नावाने ओळखला जाणारा जो तक्ता रूढ झाला, त्याच्या मुळाशी हीच व्यापक दृष्टी आहे.

या दृष्टीची कसोटी दफ्तरातच लागते, कारण तेथला खोळंबा डोळ्यांना दिसत नाही. फोर्ड कंपनीच्या अमेरिकेतील देयक विभागात पाचशेहून अधिक माणसे होती; नवी यंत्रसामग्री आणून ती चारशेवर आणावी, असा मनसुबा होता. तेवढ्यात माझदा या जपानी कंपनीत हेच काम पाच जण करतात, असे आढळले. कंपनी लहान हे लक्षात घेऊनही तफावत असह्य होती. शोध घेता कळले, की मागणीपत्र, मालाची पोहोच आणि बीजक यांतील विसंगती निस्तरण्यातच कारकुनांचा काळ जात होता. तेव्हा बीजकच रद्द झाले. मागणीशी जुळणारा माल गोदामात उतरला, की पैसे देय ठरू लागले. 1990 साली मायकेल हॅमर यांनी हे उदाहरण प्रसिद्ध केले. दोष कारकुनांच्या गतीत नव्हता. पुरवठादार, गोदाम आणि हिशेबखाते यांना जोडणाऱ्या वाटेत होता, आणि ती वाट कोणा एकाच्या अखत्यारीत नव्हती.

त्या शतकाच्या अखेरीस टोयोटाच्या परंपरेतून माईक रोदर व जॉन शूक यांनी मूल्यप्रवाहाच्या नकाशाची जी पद्धत मांडली, तिने वाटचालीची दिशाच पालटली. माल रवाना होतो त्या टोकापासून उलट चालत जावे, आणि कागदोपत्री नियमांवर विसंबून न राहता प्रत्यक्ष पाहिलेले पेन्सिलीने टिपावे, असा त्यांचा आग्रह. हुकूम कसा आहे हे कचेरीत बसून कळते. व्यवहार कसा चालतो हे पायी फिरल्यावाचून कळत नाही. म्हणून असल्या नकाशाचे मोल त्याच्या रेखीवपणावर ठरत नाही. दोन खात्यांमधील बेवारस जागेची जबाबदारी पत्करणारा कोणी तो पाहून पुढे आला की नाही, यावरच ते ठरते.