अभावाचे कारणत्व

अबू धाबी शहराच्या पश्चिमेला सुमारे २४० किलोमीटरवर, आखाताच्या काठी असलेल्या रुवैसच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात जड तेल तोडणारा जो विभाग आहे, त्याची क्षमता दिवसाला सव्वा लाखाहून अधिक पिंपांची आहे. अशा विभागात वापरला जाणारा उत्प्रेरक, म्हणजे स्वतः खर्ची न पडता रासायनिक क्रियेला वेग देणारा पदार्थ, मुख्यतः झिओलाइट वर्गातला असतो. सिलिकॉन, ॲल्युमिनियम व ऑक्सिजन यांच्या या जाळीत सव्वा नॅनोमीटरच्या आसपास रुंदीच्या पोकळ्या असतात आणि त्यांत शिरलेले तेलाचे रेणू तुटून बाहेर पडतात. तापलेल्या वाफेने जाळी ढासळू नये म्हणून तिच्या लहान कप्प्यांत बहुधा लँथॅनमसारख्या लँथॅनाइड धातूचे आयन बसवतात. येथे काम पोकळीचे आणि राखण धातूची. मग जेथे काहीच नाही, त्या जागेला कारण म्हणावे काय, हा प्रश्न उरतोच.

धातू-सेंद्रिय जाळ्यांवर संशोधन करणाऱ्या रसायनशास्त्रज्ञाची कारकीर्द या प्रश्नाच्या अवतीभवतीच जाते. ओमार याघी यांनी १९९९ मध्ये जाहीर केलेली एमओएफ-५ ही जाळी जस्त व ऑक्सिजनच्या गाठी टेरेफ्थॅलिक आम्लाच्या दुव्यांनी जोडून बनते. हे आम्ल पेट्रोलियमपासूनच काढतात, आणि पॉलिएस्टरचे कापडही त्याच्यापासूनच होते. याघी, सुसुमु कितागावा व रिचर्ड रॉब्सन यांना या क्षेत्रासाठी २०२५ चे नोबेल मिळाले. मात्र नवे स्फटिक रिकामे नसतात; त्यांच्या पोकळ्या द्रावकाने भरलेल्या असतात, तो द्रावक लवकर उडणाऱ्या दुसऱ्या द्रवाने बदलून, मग निर्वातात तापवून काढावा लागतो आणि कित्येक जाळ्या याच टप्प्यावर कोसळतात. न्यायशास्त्राच्या भाषेत ही पोकळी प्रागभाव, म्हणजे वस्तू उत्पन्न होण्यापूर्वीचा तिचा अभाव, नसून प्रध्वंसाभाव, म्हणजे असलेले नष्ट झाल्यावरचा अभाव, या जातीची ठरते. तिला बौद्धांच्या शून्यतेशी जोडण्याचा मोह आवरलेला बरा, कारण नागार्जुनाची शून्यता पदार्थाला स्वतंत्र स्वभाव नसण्याविषयी आहे, जागा मोकळी असण्याविषयी नाही. त्या मानाने मुअतझिली या इस्लामी धर्मतत्त्वज्ञांच्या संप्रदायातले बसऱ्याचे पंडित जवळचे, कारण अणूंमध्ये रिकामी जागा असू शकते असे ते मानत आणि बगदादचा पंथ ते नाकारत असे.

अभाव कारण होतो की नाही, यावर भारतीय तर्कशास्त्रात झालेला वाद अग्नी आणि मण्याच्या दृष्टांतावर उभा आहे: विशिष्ट मणी जवळ ठेवला की अग्नी जाळत नाही, उचलला की पुन्हा जाळतो. प्राभाकर मीमांसक म्हणतात की अग्नीत शक्ती नावाचा वेगळा पदार्थ आहे आणि मणी ती दाबतो. उदयनाचार्यांसारखे नैयायिक ती शक्ती अनावश्यक ठरवून प्रतिबंधकाभाव, म्हणजे अडथळ्याचे नसणे, यालाच दाहाच्या कारणांत धरतात.

लँथॅनाइड संयुगांत हा मणी पाण्याच्या रूपाने भेटतो. युरोपियमचा आयन प्रकाश स्वतः फार कमी शोषतो. त्याला वेढणारा सेंद्रिय रेणू अतिनील किरण शोषून ऊर्जा त्याच्याकडे सोपवतो आणि मग तांबडा प्रकाश बाहेर पडतो, हे एस. आय. वाइसमन यांनी १९४२ मध्ये दाखवले. परंतु हा आयन साधारणतः आठ-नऊ अणूंना धरून ठेवतो, आणि सेंद्रिय रेणूने न व्यापलेल्या जागा पाण्याचे रेणू बळकावतात. त्यांच्यातील ऑक्सिजन-हायड्रोजन बंधाच्या कंपनांत ऊर्जा वाहून जाते आणि प्रकाश मंदावतो. साध्या पाण्यात युरोपियम आयनाची उत्तेजित अवस्था सुमारे ०.११ मिलिसेकंद टिकते, तर जड पाण्यात, म्हणजे हायड्रोजनच्या जागी जड हायड्रोजन असलेल्या पाण्यात, सुमारे ४ मिलिसेकंद. याच फरकावरून आयनाला चिकटलेले पाण्याचे रेणू मोजण्याची रीत हॉरॉक्स व सुडनिक यांनी १९७९ मध्ये दिली.

अडथळा असा मोजता येतो, म्हणून त्याचा अभावही मोजता येतो, आणि नैयायिकाची बाजू येथे जड वाटते. तरी मीमांसक लगेच हरत नाही: जड पाणीही त्याच जागी बसलेले असते, मग प्रतिबंधक हजर असताना प्रकाश टिकला कसा, असे तो विचारील. त्यावर नैयायिकाला प्रतिबंधकाची व्याख्याच आवळावी लागते. अडथळा पाण्याचा रेणू नव्हे, तर ऊर्जा थोड्या टप्प्यांत काढून नेणारे त्याचे उच्च वारंवारतेचे कंपन, आणि जड हायड्रोजनमुळे ते कंपन मंद होऊन टप्पे वाढतात. उत्तर समाधानकारक आहे, फक्त त्यात नैयायिकाने कंपनाच्या सामर्थ्याची भाषा उसनी घेतली आहे, हे मीमांसकाच्या नजरेतून सुटणार नाही.