काटापट्टी

मुलाखत चांगली झाली होती. अमरावतीच्या एका महाविद्यालयात अर्थशास्त्राची एक जागा, तीही तासिका तत्त्वावर. तिच्या आधी आत गेलेले पाच मिनिटांत बाहेर येत होते, तिला मात्र समितीने अर्धा तास बसवून घेतलं. निघताना प्राचार्य म्हणाले, "तुमचं झालं समजा. प्रस्ताव विद्यापीठाकडे जाईल, मान्यता मागाहून येईल. तुम्ही सोमवारपासून वर्ग सुरू करा, मुलांचं नुकसान नको."

बडनेऱ्याहून गाडीत बसली तेव्हाच तिने मनाशी हिशेब मांडला. पदवीच्या वर्गाला तासाला 900 रुपये, आठवड्याला नऊ तास. अकोल्याच्या खाजगी शिकवणीवर मिळायचे त्यापेक्षा कितीतरी जास्त. शिकवणीच्या मालकाला सांगायचं, उद्यापासून येत नाही.

घर मूर्तिजापूरजवळच्या खेड्यात. बाबा ओट्यावर बसले होते.

"काय झालं व?"

"झालं बाबा. प्राचार्य म्हणाले, झालं समजा."

"कागद देल्ला का?"

"मान्यता आली की देतील."

"समजा म्हणजे काय व? समजून कोनाले चुकारा भेटला का कधी?"

पोरीला राग आला. शिकल्यासवरल्या माणसांच्या शब्दावर बाबा शंका घेत होते. पण बाबांच्या या प्रश्नामागे त्यांची सगळी तरुणपणाची वर्षं उभी होती. 1972 साली राज्यात कापसाची एकाधिकार खरेदी सुरू झाली. शेतकऱ्याने आपला कापूस सरकारी केंद्रावरच घालायचा, दुसरीकडे विकायचा नाही. हंगामात केंद्राबाहेर बैलगाड्यांची लांबच लांब रांग लागे. बाबांनी गाडीखाली पोतं अंथरून अशा रात्री काढल्या होत्या. नंबर लागला की ग्रेडर प्रत ठरवी, काटा होई आणि कापूस गंजीत ओतला जाई. एकदा गंजीत पडला की कोणाचा कोणता, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. चुकारा मात्र हप्त्याहप्त्याने येई. तोवर शेतकऱ्याच्या हाती उरे ती काटापट्टी, वजन आणि प्रत लिहिलेला वीतभर कागद. बाबांची आई तो कागद देव्हाऱ्यात ठेवायची.

"चुकारा उशिरानं येते, ते आपल्या हातात नाही," बाबा म्हणाले. "पन काटापट्टी घेतल्याबिगर काट्यावरून हालाचं नाही. सोमवारी जाजो, शिकवजो, पन आधी लिहून घेजो. अन् अकोल्याचं काम इतक्यात सोडू नोको."

सोमवारी ती प्राचार्यांच्या खोलीबाहेर उभी राहिली तेव्हा तिचे हात गार पडले होते. नोकरी मागणाऱ्याने कागद मागायचा म्हणजे उद्धटपणा, असं आपल्याकडे पोरांना कोणीही न सांगता कळलेलं असतं. प्राचार्यांच्या कपाळावर आठी पडलीच. "विश्वास नाही का?" "विश्वास आहे सर. घरी बाबांना दाखवायला हवा." बाबांचं नाव पुढे केल्यामुळे असेल, पण आठी गेली. दोन ओळींचं पत्र टाइप झालं : विद्यापीठाच्या मान्यतेच्या अधीन राहून आजपासून तासिका घ्याव्यात. खाली तारीख, जावक क्रमांक, शिक्का.

त्याच दिवशी वाणिज्य शाखेत रुजू झालेला एक तरुण हे सगळं पाहत होता. अकोल्याच्या एका दालमिलमध्ये तो हिशेब लिहायचा, ती नोकरी त्याने शनिवारीच सोडली होती. "मॅडम, सर आपलेच आहेत. त्यांना काय कागद मागायचा?" तो मनापासून बोलत होता. असा सरळ माणूस कुठेही भेटावा. दुर्दैव हे की नुकसानही बहुतेक वेळा अशाच माणसाचं होतं.

तिने दोनशे पानी वही घेतली आणि पट्टीने रकाने आखले. तारीख, वर्ग, वेळ, शिकवलेला घटक, हजर विद्यार्थी, सही. दर शनिवारी विभागप्रमुखांपुढे वही ठेवायची. सुरुवातीला ते न बघता सही करत. मग वाचू लागले. एकदा म्हणाले, "मागणीची लवचिकता दोनच तासांत संपवली? मुलांना कळली का?" तिने तिसरा तास घेतला, तोही वहीत आला. सकाळी अमरावती, संध्याकाळी अकोल्याची शिकवणी. गाडीत उभ्याने जेवण.

ऑगस्ट गेला, दिवाळी गेली. 'प्रस्ताव वर आहे', एवढंच उत्तर. याच दोन शहरांमधल्या महामार्गावर, लोणी ते माना, जून 2022 मध्ये 75 किलोमीटरचा डांबरी थर 105 तास 33 मिनिटांत टाकला गेला आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. माणसांनी, यंत्रांनी रात्रंदिवस राबून ते केलं, त्याचा वऱ्हाडाला अभिमान आहे. मनावर घेतलं की आपल्याकडे काम किती वेगाने होतं, याचा तो पुरावाच आहे. एका मान्यतेच्या कागदाला चार-पाच महिने लागतात तेव्हा तो कागद कोणाच्या मनावर नसतो, एवढाच त्याचा अर्थ. ज्याच्या टेबलावर तो पडलेला असतो त्याने घरी जाताना एकदा तरी विचार करावा, की या कागदावर कोणाचं तरी घरभाडं अडलं आहे.

20 डिसेंबरला महाविद्यालयात स्वच्छता झाली. गाडगेबाबांनी 1956 साली याच तारखेला वलगावजवळ देह ठेवला, आणि इथलं विद्यापीठ त्यांच्याच नावाचं. 2024 च्या त्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयात एका खटल्याचा निकाल लागला. केंद्रीय जल आयोगात सफाईचं आणि बागेचं काम वर्षानुवर्षं करूनही कायम न झालेल्या, शेवटी काढूनच टाकलेल्या माणसांचा तो खटला. न्यायमूर्ती विक्रम नाथ आणि प्रसन्न वराळे यांनी त्यांना नियमित सेवेत घ्यायला सांगितलं. काम कायमचं आणि माणूस मात्र तात्पुरता, ही पद्धत न्यायालयाला मान्य झाली नाही. तिने ती बातमी बाबांना वाचून दाखवली. बाबा म्हणाले, "झाडूवाल्याईले न्याय भेटला. बाबाच्याच दिवशी भेटला." मग बराच वेळ ते काही बोलले नाहीत.

जानेवारीत मान्यता आली. मानधनाचं बिल तयार करताना लेखा विभागातून प्रश्न आला : आधीच्या महिन्यांत तास झाले, याला आधार काय? तिने रुजू पत्र आणि वही पुढे ठेवली. लेखापालाने शनिवारच्या सह्या एकेक करून तपासल्या, वेळापत्रकाशी ताडून पाहिल्या आणि पहिल्या सोमवारपासूनचं बिल मांडलं.

वाणिज्यच्या तरुणाकडे काहीच नव्हतं. दालमिलची जागाही भरली गेली होती. ती त्याच्याबरोबर बसली. विद्यार्थ्यांच्या हजेरीपटावरचं त्याचं अक्षर, चाचणीच्या तारखा घातलेल्या उत्तरपत्रिका, फळ्याचे मुलांनी मोबाइलवर काढलेले फोटो, जे सापडेल ते दोघांनी गोळा केलं. प्राचार्यांनीही मदत केली. शब्द त्यांचा होता आणि तो त्यांना लागला होता. त्यातून सुमारे निम्मे तास सिद्ध झाले. उरलेले त्याने शिकवले होते, मुलंही ते शिकली होती, पण त्यांचे पैसे मिळाले नाहीत.

पुढच्या जुलैत दोघांनाही नव्याने मुलाखत द्यावी लागली, कारण ही नेमणूक एका सत्रापुरतीच असते. दोघांचीही निवड झाली. या वेळी रुजू व्हायच्या दिवशी प्रत्येकाच्या हातात न मागता पत्र पडलं, सोबत रकाने छापलेली वही. मान्यतेचा प्रस्ताव नेहमीप्रमाणे विद्यापीठाकडे गेला.