युधिष्ठिरानं कुत्र्याला विचारलं होतं का?

कुत्रा पाळणाऱ्या माणसानं सुट्टीवर जाणं कठीण, आणि कुत्र्याला बरोबर घेऊन जाणं त्याहून कठीण. पहिल्या प्रकारात नुसतं मन खातं. दुसऱ्यात पाटी आडवी येते. 'कुत्र्यांना प्रवेश नाही' ही पाटी लावणारा पहिला व्यवस्थापक म्हणजे साक्षात इंद्र. महाभारताचं महाप्रस्थानिक पर्व आठवा. द्रौपदी गेली, चारी भाऊ एकेक करून पडले, उरले युधिष्ठिर आणि मागोमाग आलेला कुत्रा. इंद्र रथ घेऊन हजर झाला आणि म्हणाला, तुमची सोय आहे, कुत्र्याची नाही. स्वतःच्या पदरी सरमा नावाची कुत्री असणाऱ्या देवानं हे म्हणावं! असो. मालकांचे नियम आणि पाहुण्यांचे नियम वेगळे, हे स्वर्गापासूनच चालत आलेलं दिसतं. युधिष्ठिरानं स्वर्ग नाकारला, मग कुत्रा म्हणजे यमधर्म निघाला, आणि सगळं गोड झालं.

ही गोष्ट लहानपणापासून मी गहिवरून ऐकत आलो. पण घरात खंड्या आल्यापासून एक शंका छळते. या साऱ्या वाटाघाटीत कुत्र्याला कोणी विचारलं होतं का? तो हिमालयापर्यंत आपल्या पायांनी आला हे खरं. पण स्वर्गात त्याला काय होतं? ना हुंगायला उकिरडा, ना तंगडी वर करायला विजेचा खांब. तिथं जायची हौस होती ती धर्मराजाला.

आमच्या खंड्याला समुद्र दाखवायची हौसही अशीच, आमची. खंड्या नऊ वर्षांचा. आम्ही पुण्यात तिसऱ्या मजल्यावर राहतो. घराबाहेर नऊ वर्षांत तो पट्ट्याशिवाय दहा पावलंही चाललेला नाही. गेल्या वर्षी डॉक्टर म्हणाले, याचे मागचे पाय आता कमजोर होत जाणार. त्या रात्री आमची ही बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "अहो, एकदा त्याला मोकळं पळू दे की. समुद्रावर."

मग फोन सुरू झाले. कुणी 'विचारून सांगतो' म्हणाले, ते अजून विचारताहेत. एकानं कुत्रा शाकाहारी आहे का असं विचारलं. खोटं कशाला बोलू, मलाही ते नक्की माहीत नव्हतं. शेवटी दापोली तालुक्यात आंजर्ल्याला, नारळी-पोफळीच्या वाडीत एक कौलारू घर मिळालं. मालकीण काकू म्हणाल्या, "माणसं नीट राहणार असतील तर कुत्र्याचं काही नाही हो." फेब्रुवारी अखेरीस ताम्हिणी घाटातून निघालो. खंड्या वळणावळणाला ओकला. 'सुट्टी' या कल्पनेविषयी त्याचं मत काय झालं असेल, ते त्याच्या डोळ्यांत स्वच्छ लिहिलेलं होतं.

पण पुळणीवर पोचला मात्र, आणि म्हाताऱ्याचा पोर झाला. नाक वर, कान मागे, सगळं अंग थरथरतंय. मी पट्ट्याच्या कडीला हात घातला, एवढ्यात सुरूच्या बनातून एक तरणा गडी आला.

"काका, सोडू नका हं त्याला. कासवांचे दिवस आहेत."

हा कासवमित्र. ऑलिव्ह रिडले जातीची मादी साधारण नोव्हेंबर ते मार्च या दिवसांत रात्री किनाऱ्यावर येते, भरतीच्या रेषेच्या वर खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू लोटते आणि निघून जाते. पिल्लं बाहेर यायला 45 ते 60 दिवस लागतात. तोवर अंड्यांवर टपलेले असतात ते कोल्हे आणि कुत्रे.

"आणि माणसं," तो हसून म्हणाला. "पूर्वी आमचे लोकच खणून न्यायचे की!" 1972 च्या कायद्यानं कासवाला संरक्षण आहे, पण कायदा काही रात्री पुळणीवर फिरत नाही. 2002 मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं मंडणगड तालुक्यातल्या वेळासला काम सुरू केलं आणि मग एकेका गावानं ते उचललं. आता सापडलेली अंडी कुंपणाच्या आत पुरून राखतात. न सापडलेली मात्र असतील तिथंच असतात.

आता सांगा, काय करावं? एका बाजूला नऊ वर्षं पट्ट्यात काढलेला, पाय जात चाललेला खंड्या. दुसऱ्या बाजूला शंभर अंडी, ज्यांना मी पाहिलेलं नाही आणि ज्यांची आईही मागं वळून बघत नाही. खंड्याचं नाव मला ठाऊक, त्यांना नावंच नाहीत. आपली माया नावाशिवाय पुढं सरकत नाही, ही मोठी अडचण आहे. खंड्यानं अंडी उकरली असती तर तो दोषी ठरला नसता, तो कुत्रा आहे. कडी काढणारा हात माझा. शिवाय पुळणीवर गावातले चार कुत्रे मोकळे हिंडत होतेच. त्यांच्याकडे बोट दाखवून ही म्हणाली, "यांना कोण अडवतं?" कोणी नाही. पण त्यांना ना लस, ना ताट, ना मागचे पाय तपासणारे डॉक्टर. ते पोटासाठी उकरतात. खंड्या पोळी-दूध खाऊन, केवळ मौज म्हणून उकरणार. सुट्टीवर आलेल्याची भूक निराळीच असते. आपणही डोंगर, किनारे असेच उकरतो म्हणा.

तोडगा काढला तो काकूंनी. विहिरीचा जुना दोर आणून दिला, चांगला पंचवीस हात. कासवमित्रानंही मान्य केलं: दिवसाउजेडी, ओहोटीच्या वेळी, ओल्या वाळूतच. दोराचं एक टोक खंड्याच्या गळ्यात, दुसरं माझ्या मनगटाला. खंड्या सुटला! लाटेवर भुंकला, लाट परत आली तेव्हा पळाला, पुन्हा भुंकला. छब्बीसाव्या हाताला मी होतो, वय वर्षं बासष्ट, चप्पल हातात, धोतरासारखी वर खोचलेली पँट. गावची पोरं टाळ्या वाजवत होती. पंचवीस हातांत त्याला मोकळं वाटलं का, हे मला सांगता येणार नाही. शेपटी हलत होती. पण ती घरी पट्टा काढून आणल्यावरही हलते.

तिसऱ्या सकाळी कुंपणातली पिल्लं सोडली. तळहातापेक्षा लहान, चावीच्या खेळण्यासारखी निघाली पाण्याकडे. आम्ही दोरीच्या अलीकडे उभे. खंड्या तिकडे नव्हता, काकूंच्या पडवीत झोपला होता. ही पाहून आली आणि म्हणाली, "झोपेत पाय हलवत होता."

निघताना काकूंनी नारळ दिले, कोकमं दिली. दोर परत करायला गेलो तर हातात घेऊन म्हणाल्या, "खारा झालाय हो. गोड्या पाण्यानं दोनदा धुऊन द्या, नाहीतर विहिरीला लावता यायचा नाही." आमची ही तो धुवायला बसली, आणि खंड्या शेजारी बसून दोराकडे एकटक बघत राहिला.