ऑपरेशनच्या आधीचे दिवस



काही दिवसांपूर्वी संध्याकाळच्या मिस्सेनंतर आपल्या धर्मग्रामातील एक गृहस्थ आम्हांला भेटायला आले. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग खिशातून घडी केलेला कागद काढून त्यांनी टेबलावर ठेवला. पत्नीचा बायोप्सीचा रिपोर्ट होता. मोठ्या आतड्याचा कॅन्सर. ऑपरेशनची तारीख ठरली होती.

ते म्हणाले, "फादर, तिला फक्त गाठ आहे एवढेच सांगितलंय. तुम्ही घरी आलात तर काही बोलू नका. आणि मिस्सेत तिचं नाव घेऊ नका, तिच्या कानावर जाईल."

(हे सर्व त्या दोघांच्या संमतीने लिहीत आहोत. ते कोण, याची चौकशी कृपया करू नये.)

त्या दिवशी आम्ही त्यांना देवाच्या योजनेविषयी बरेच काही सांगितले. पुढच्या भेटीत त्यांनीच ऐकवले, "फादर, त्या दिवशी तुम्ही फार बोललात." ते खरेच होते. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकलेल्या माणसाला गप्प बसणे जड जाते. मात्र एक गोष्ट आम्ही स्पष्ट सांगितली होती. आम्ही आपणहून विषय काढणार नाही, पण बाईंनी विचारले तर खोटे बोलणार नाही.

तशी वेळच आली नाही. एका रात्री जेवणे उरकल्यावर नवऱ्याने धीर करून पत्नीला सारे सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, "ज्या हॉस्पिटलात मला नेता, त्याच्या दारावरची पाटी मला वाचता येते. तुम्ही खचाल म्हणून मी विचारलं नाही."

एकाच छताखाली दोघे जण एकच ओझे एकमेकांपासून लपवून वाहत होते. आपल्या घरांत हे नवे नाही. आजाऱ्याला कळू द्यायचे नाही, हीच माया असे आपण समजतो. तिच्यात माया असतेच, त्याबद्दल वाद नाही. पण तिच्यात आपली भीतीही मिसळलेली असते. समोरच्याचे अश्रू आपल्याला सोसवणार नाहीत, ही ती भीती.

त्या रात्री आणखी एक गोष्ट उघड झाली. बाईंना मरणाची तेवढी धास्ती नव्हती. त्यांच्या मनाने पोटाला लावायच्या पिशवीची धास्ती घेतली होती. शौचासाठी अशी पिशवी लावलेल्या कुणाला तरी त्यांनी पाहिले होते. "मला देवळात चार माणसांत बसता येईल का?" हा त्यांचा प्रश्न होता. नवऱ्याने डॉक्टरांना खर्च, रक्त, दिवस, सगळे विचारले होते. हे विचारले नव्हते, कारण पत्नीच्या मनात काय आहे हे त्यांना ठाऊकच नव्हते. पुढच्या भेटीला दोघे मिळून गेले आणि बाईंनी स्वतः विचारले. अशी पिशवी सगळ्यांनाच लागते असे नाही, लागली तरी पुष्कळदा काही महिन्यांनी बंद करता येते, आणि कायम राहिली तरी माणसे कामाला जातात, प्रवास करतात, असे डॉक्टरांनी समजावले. त्या रात्री बाईंना झोप लागली.

गेथशेमाने बागेतील प्रभूकडे पाहा. दुसऱ्या दिवशी काय होणार हे त्याला ठाऊक होते. त्याने ते पेत्र, याकोब आणि योहान यांच्यापासून लपवले नाही. आपला जीव किती व्याकूळ झाला आहे, हे देवाच्या पुत्राने कोळ्यांना सांगितले! त्यांच्याकडून त्याने उपाय मागितला नाही, आपल्याबरोबर जागे राहा एवढेच मागितले. आणि त्यांना झोप लागली. पेंगणाऱ्या शिष्यांना दोष देण्याची घाई आपण करू नये. आजाऱ्याच्या उशाशी बसलेला जोडीदारही माणूसच आहे. तो थकतो, चिडतो, देवावरही रागावतो.

गाब्रिएल मार्सेल नावाचे एक फ्रेंच कॅथलिक तत्त्वज्ञ होऊन गेले. पहिल्या महायुद्धात ते रेडक्रॉसचे काम करीत. बेपत्ता सैनिकांचा शोध घेऊन त्यांच्या नातेवाइकांना बातमी कळवायची, हे ते काम. समोर येणारी आई किंवा पत्नी म्हणजे नुसते एक कार्ड नव्हे, हे त्यांना तिथे उमगले. समस्या आणि रहस्य यांत त्यांनी पुढे भेद केला. समस्या आपल्यासमोर असते, ती सोडवता येते. रहस्यात आपण स्वतःच गुंतलेले असतो. आपल्या या बंधूंनी समस्येची फाईल उत्तम लावली होती. सी. टी. स्कॅन, रक्ताचे रिपोर्ट, विम्याचे कागद, सगळे क्रमाने. ते हवेच. पण पत्नी त्या फाईलमध्ये मावत नव्हती.

शिवाय या आजारात ऑपरेशनपूर्वी सगळी उत्तरे मिळतही नाहीत. काढलेला आतड्याचा भाग आणि त्याजवळच्या गाठी सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्यावरच आजार कुठवर गेला आहे आणि पुढे केमोथेरपी लागेल का, हे नीट ठरते. तोवर "नक्की सांगा" म्हणून डॉक्टरांच्या मागे लागण्यात अर्थ नाही.

पोप दुसरे जॉन पॉल यांची आठवण येते. 12 जुलै 1992 रोजी, रविवारी, दुपारच्या प्रार्थनेसाठी जमलेल्या लोकांना त्यांनी स्वतः सांगितले की, आज संध्याकाळी आपण तपासणीसाठी रुग्णालयात जात आहोत, प्रार्थना करा. तीन दिवसांनी रोममध्ये त्यांच्या मोठ्या आतड्यातील गाठ काढण्यात आली. त्यानंतर ते 2005 पर्यंत जगले. परमगुरूंना जर प्रार्थना मागायला संकोच वाटला नाही, तर आपल्याला का वाटावा?

आता तेलाविषयी. रुग्णाभ्यंग संस्काराचे नाव काढताच हे गृहस्थ दचकले. "फादर, तेल बघून ती खचेल." जुनी माणसे त्याला शेवटचा संस्कार म्हणत, त्याचा हा परिणाम. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1963 मध्येच सांगितले की, हा केवळ मरणाच्या दारात असलेल्यांचा संस्कार नव्हे, आणि 1972 मध्ये पोप सहावे पॉल यांनी त्याचा विधी नव्याने ठरवून दिला. मोठ्या ऑपरेशनपूर्वी तो घेणे उचित आहे, अशी ख्रिस्तसभेची शिकवण आहे. संत याकोबही आपल्या पत्रात आजाऱ्याने वडीलजनांना बोलावून घ्यावे असे सांगतो. बोलवायचे आजाऱ्याने, शुद्धीवर असताना! पुष्कळदा आम्हांला बोलावणे येते ते बोलणे बंद झाल्यावर.

शेजाऱ्यांसाठी दोन शब्द. भेटायला जाल तेव्हा कोण कोण याच आजाराने गेले त्यांच्या कहाण्या सांगू नका. अमक्या गावचे औषध चांगले म्हणून ऑपरेशनची तारीख पुढे ढकलायला लावू नका. नोव्हेना जरूर करा, पण बरोबर डबाही न्या, आणि रक्त द्यायला दोन तरुण पाठवा. शौचातून रक्त जात असेल तर मूळव्याध समजून महिनोन्महिने घरगुती उपाय करीत राहू नका; या बाईंचे तेच झाले. आईवडील किंवा सख्ख्या भावंडांपैकी कुणाला हा आजार झाला असेल, तर आपली तपासणी कधी करावी हे डॉक्टरांना विचारून ठेवा.

गेल्या मंगळवारी आम्ही त्यांच्या घरी गेलो. बाईंनी पापनिवेदन केले. कपाळाला आणि हातांना तेल लावले. मुले, सून, शेजारच्या दोन भगिनी होत्या. सर्व झाल्यावर नवऱ्याने हात पुढे केले. "फादर, मलाही लावाल का?"

आम्ही नाही म्हणालो. हा संस्कार आजाऱ्यांसाठी आहे. क्षणभर काय करावे सुचेना. मग आम्ही बाईंना म्हटले, तुम्ही यांच्या डोक्यावर हात ठेवा. त्यांनी ठेवला. आम्ही काही बोललो नाही.

ऑपरेशन येत्या गुरुवारी आहे. त्या दिवशी सकाळच्या मिस्सेत विश्वासू जनांच्या प्रार्थनांमध्ये त्यांचे नाव घेतले जाईल. तसे त्यांनीच सांगितले आहे.

तुमचे धर्मगुरू