मधले दात

गाडी बंद आहे. बंदच राहू द्या.

सुरतेतली, लिंबायतची गल्ली. मागच्या कारखान्यात लूम चालू आहेत. खटखट, खटखट. तो आवाज थांबणार नाही. त्याच्याशी भांडू नका. चालू दे.

समोर मारुती 800 आहे. डिसेंबर 1983 मध्ये पहिली रस्त्यावर आली, जानेवारी 2014 मध्ये कारखान्यात बनायची थांबली. ही मधल्या कुठल्यातरी वर्षातली. हिच्या स्टिअरिंगला मोटर नाही, पंप नाही. हात आणि चाक यांच्यामध्ये नुसतं लोखंड आहे: दांडी, तिच्या टोकाचं पिनियन, त्यात दात अडकलेली रॅक.

आत बसा. दोन्ही हात स्टिअरिंगवर. चाकं सरळ.

एक श्वास घ्या. सावकाश सोडा.

आता स्टिअरिंग डावीकडे हलवा, बोटभर. उजवीकडे, बोटभर.

हात हलला. चाक हललं नाही.

मधे काहीतरी रिकामं आहे. मिस्त्री त्याला प्ले म्हणतात. तिथेच थांबा.

खर्चाचा विचार येईल. नवी रॅक, जुनी रॅक, मजुरी, महिनाअखेर. येऊ द्या. आला तसा जाईल. तुम्ही हाताकडे परत या.

डावीकडे. उजवीकडे.

आता घरातल्या कुणाला तरी तिथे बसवा. "हळू हलव रे, बोटभरच." तुम्ही बाहेर या.

चाकाच्या मागे हात घाला. टाय रॉड एंडच्या सांध्यावर दोन बोटं ठेवा. डोळे मिटा.

टकटक लागते का? लागली तर दुखणं इथलंच. हा तुकडा स्वस्तात मिळतो, रॅकला हातही लावायला नको. बरेच जण इथे न थांबता थेट रॅक बदलतात आणि प्ले तसाच राहतो.

नाही लागत. पुढे सरका.

रबरी बूट. त्याच्या घड्यांवरून बोट फिरवा. एका घडीत चीर आहे. पावसाळ्यात मिठी खाडी भरली की पाणी रस्त्यावर येतं. त्यातलं थोडं इथून आत शिरलं. ग्रीस गेलं, गंज आला. बूट दाबून आतला बॉल जॉइंट चाचपा. तो घट्ट आहे.

पुढे सरका. रॅक धरून ठेवणाऱ्या पट्ट्या, त्यांची रबरं. अख्खी रॅक हलते का? नाही.

आता पिनियनपाशी या. वरून दांडी फिरते. रॅक क्षणभर तशीच राहते. मग हलते.

इथे आहे.

बोट काढू नका. अजून एकदा. दांडी फिरते. रॅक थांबते. मग हलते.

सापडलं की घाई होते. आधी जॅक लावा, मग घोड्या. नुसत्या जॅकवर भरवसा ठेवून खाली जायचं नाही. गाडीला एक धक्का देऊन बघा. डुलली नाही? आता श्वास सोडा.

खोलायचं काम मिस्त्रीचं. पिना निघतात, नट निघतात, कॉलमच्या जोडावर खडूची खूण होते. तुम्ही एवढंच करा: टाय रॉड एंडचे आटे सुटताना फेरे मोजा. एक. दोन. तीन. लूमच्या ठेक्यावर मोजू नका, चुकाल. दोन्ही बाजूंचा आकडा खडूने मडगार्डवर लिहा. बसवताना तेवढेच फेरे.

चाकाच्या पोकळीतून रॅक बाहेर येते. पिनियन काढून मिस्त्री दांडा ओढतो आणि चिंधीने पुसतो.

मांडीवर घ्या. वजन जाणवू द्या.

टोकाच्या दातांवरून अंगठा फिरवा. धारदार. सगळे सारखे.

आता मधे या. सावकाश.

इथे दात गुळगुळीत आहेत. बारीक झालेत. चकाकतात.

वळणांनी हे झिजले नाहीत. सुरतेहून धुळ्याकडे जाणारा जुना 6 नंबरचा हायवे आठवा. आखाजीला गावी जाताना कोंडाईबारीचा घाट लागतो, वळणं येतात, संपतात. बाकी सगळा रस्ता सरळ. आणि सरळ रस्त्यावरही हात स्वस्थ नसतो. केसभर डावीकडे, केसभर उजवीकडे. त्याच दोन-तीन दातांवर, वर्षानुवर्षं.

अंगठा तिथेच असू द्या.

स्क्रू आवळून मधला प्ले कमी करता येतो. पण टोकाचे दात अजून भरलेले आहेत. पूर्ण वळणावर स्टिअरिंग जड होईल, घाटात परत सरळ यायला कुरकुर करेल. नकोच ते.

भंगारातून आणलेली रॅक शेजारी आहे. पैसे असते तर नवी घ्या म्हटलं असतं. तिचा दांडा हातात धरा. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकवा. डोळे मिटून, एका श्वासात.

मधे सैल पडते का?

परत सरकवा. टोकाला अडते का? अडली तर दांडा वाकलेला असू शकतो, दुकानदाराला परत द्या. गंजाचे खड्डे बोटाला लागले, तरी परत द्या.

ही एकसारखी सरकते. ठीक आहे. बूट मात्र नवे घ्या, पिना नव्या. तिथे काटकसर नको.

रॅक बसते. आकड्याप्रमाणे फेरे. खुणेवर खूण. गाडी घोड्यांवरून खाली उतरते.

आत बसा. चाकं सरळ.

डावीकडे, बोटभर.

हात हलला. चाक हललं.

पूर्ण डावीकडे नेऊन बघा, पूर्ण उजवीकडे. बूट पिळला जात नाही ना, तेही बघा. मोजलेले फेरे अलाइनमेंटच्या दुकानापर्यंत पोचण्यापुरते. अलाइनमेंट केलं नाही तर टायर एका कडेने खाल्ला जाईल. संध्याकाळी तिथे रांग लागते. आत्ताच निघा.